मसणवटा कोणाच्या नावावर?



दीक्षा घेतलेल्या कुटुंबांतून एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. आम्ही श्राद्ध सोडले, पितृपक्ष सोडला, पिंडाचा भातही सोडला. मग आता आज्या-पणज्याचे थडगे हुडकण्याचे व त्यावरचा दगड जपण्याचे कारण काय? ही जुन्या धर्माचीच शेपटी नव्हे काय?

प्रश्न प्रामाणिक आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास पूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी सहावी प्रतिज्ञा श्राद्धपक्ष व पिंडदान यांना मनाई करते. मेलेल्या माणसाला भाताचा गोळा पोहोचतो आणि तो पोहोचविण्यास मध्ये भट लागतो, ही समजूत तिने मोडून काढली. मेलेल्या माणसाचे नाव विसरा, असे ती कोठेही सांगत नाही. कायद्यात जी मनाई लिहिलेली नाही ती भीतीपोटी त्यात वाचू नये, हा वकिलीतला पहिला धडा आहे. प्रतिज्ञांनाही तो लागू करावयास हरकत नाही.

तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांच्या अस्थींचे आठ वाटे झाले व त्यांवर स्तूप उभे राहिले, हे आपण जाणताच. त्यांतील पिप्रहवा येथील स्तूप १८९८ साली उकरला गेला. तेथे सापडलेल्या एका दगडी करंडकाच्या झाकणावर ब्राह्मी लिपीतील एक ओळ कोरलेली होती. त्या ओळीमुळेच जगाला कळले की या अस्थी शाक्यांच्या बुद्धाच्या आहेत. ती ओळ नसती तर मातीतून निघालेली हाडे कोणाची, हे कोणी सांगितले असते? त्याच स्तूपातील रत्ने २०२५ साली परदेशात लिलावास निघाली आणि ओरड झाल्यावर भारतात परत आली. नाव कोरलेले असले म्हणजे शतकांनंतरही हक्क सांगता येतो.

आता आपल्या गावाकडे वळा. नांदेड-लातूरच्या खेड्यांत आपल्या पूर्वजांनी मृत्यूची किती चाकरी केली! गावात कोणी मेले की परगावच्या सोयऱ्यांना खबर पोहोचविण्यास महार पायी धावत असे. सरणाची लाकडे तोच फोडीत असे. प्रेतावरचे कापड हा त्याचा ‘हक्क’ ठरविला होता. बेदरच्या बादशहाने दिलेल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बावन हक्कांचा अभिमान बाळगणाऱ्यांनी या हक्काचा वास एकदा घेऊन पाहावा. ज्याने सबंध गावाची मढी मार्गी लावली, त्याला स्वतः मेल्यावर गावाच्या स्मशानात जागा नव्हती. ओढ्याच्या पलीकडे, गायरानाच्या कडेला, पाणी साचेल किंवा खडक लागेल अशा तुकड्यावर त्याला मूठमाती मिळे. उशाशी एक अनघड दगड. त्यावर अक्षर नाही, कारण अक्षरावर त्याचा हक्क नव्हता.

कोरेगावच्या स्तंभाकडे त्या दृष्टीने पाहा. त्याची पायाभरणी १८२१ साली झाली. त्यावर कोरलेल्या मृतांच्या नावांपैकी बावीस नावे ‘नाक’ या शेवटाची आहेत. लढाई कोणाची होती, राज्य कोणाचे आले, हा वाद करणारे करोत. परंतु ती नावे कोरलेली होती म्हणून १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे उभे राहून बोलू शकले. आपल्या मसणवट्यातील दगडांवर नावे नाहीत. म्हणून तेथे उभे राहणाऱ्याला तलाठी विचारतो : पुरावा काय?

लातूर जिल्ह्यातील एका गावच्या मसणवट्याचा दावा आमच्याकडे होता. शेजारचा शेतकरी दरवर्षी एक-दोन हात आत सरकत होता. सातबाऱ्यावर जमीन ‘सरकार, गायरान’ एवढीच. स्मशानाचा उल्लेख नाही. साक्षीला एक वृद्ध बाई उभी राहिली. तिला साल सांगता येईना. परंतु चिंचेच्या झाडापासून तिसरा दगड सासऱ्याचा, त्याच्या पायथ्याशी बिनदगडाची जागा तिच्या बाळंतपणात गेलेल्या लेकीची, हे तिने न अडखळता सांगितले. प्रतिपक्षाच्या वकिलांनी तिला तासभर उलटसुलट विचारले. चिंच तिने हलू दिली नाही. अशा म्हाताऱ्या आता गावोगाव एक-दोनच उरल्या आहेत, आणि त्यांची साक्ष कोणी लिहून घेतलेली नाही.

म्हणून शोध तेथून आरंभावा. घरातील सर्वांत वयोवृद्ध स्त्रीला मसणवट्यात घेऊन जावे. (पुरुषांना बहुधा वाटणीचे बांध आठवतात, मेलेली मुले बायांना आठवतात.) ती सांगेल ते वहीत उतरावे, दगडांचा कच्चा नकाशा काढावा, तारीख घालून साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. मग कागदाकडे वळावे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुने दप्तर बरेचसे उर्दूत आहे. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातील गावनकाशा व सेतवार, तहसिलीतील १९५४ चे खासरा पत्रक आणि त्यानंतरची पाहणीपत्रके यांच्या नकला मागाव्यात. जन्म-मृत्यूची नोंद गाव नमुना १४ मध्ये, लोकांच्या बोलीत कोतवाल बुकात, सापडते. हे दप्तर उघडत नाही, कसर लागली आहे, वाचणारा नाही, अशी उत्तरे आजवर मिळत. परंतु २०२३ साली कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यातील हीच दप्तरे शासनाने उघडली आणि उर्दू व मोडी वाचणारेही मिळाले. एकासाठी उघडलेले कपाट दुसऱ्यासाठी बंद राहू शकत नाही, एवढे अर्जात नम्रपणे लिहावे.

किल्लारीच्या भागातील बांधवांचा प्रश्न अधिक बिकट आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, सुमारे आठ हजार माणसे गेली आणि लातूर व उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. जिवंत माणसे नव्या गावठाणात आली. पूर्वज जुन्या गावाच्या शिवारात राहिले. तेथे आता बाभळी माजल्या आहेत. नव्या गावात जन्मलेल्या मुलाला आज्याचे थडगे कोणत्या दिशेला आहे, हे ठाऊक नसते. जुन्या गावच्या नकाशावर मसणवटा आजच दाखवून घेतला नाही तर पुढे दाखविणारा राहणार नाही.

दगड सापडल्यावर काय करावे? आमचे उत्तर : शक्य तितके थोडे. पाण्याने व मऊ कुंच्याने धुवावा. तारेचा ब्रश, आम्ल, सिमेंट यांपासून दूर ठेवावा. तिरपा असेल तर तिरपाच असू द्यावा. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्र घेतले म्हणजे झिजलेली रेघही दिसते. शेंदूर तर मुळीच नको. शेंदूर लागला की तो पूर्वज राहत नाही, देव होतो. मग नारळ येतो, नवस येतो, आणि आपण जेथून निघालो तेथेच परत पोहोचतो. हे ऐकून काही तरुण निळा तैलरंग फासतात. त्यांची भावना आम्ही समजतो, परंतु जाड रंगाखाली अक्षर बुजते, मग तो रंग कोणताही असो. नाव लिहावयाचे असेल तर शेजारी वेगळी लहान शिला बसवावी. तीवर ‘कालकथित’ लिहून पुरुषांबरोबर स्त्रियांचीही नावे घालावीत.

येथे एक धोका सांगितलाच पाहिजे. जुना मसणवटा जपणे निराळे आणि ‘आमचे स्मशान वेगळेच बरे’ म्हणणे निराळे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात पुनर्वसित गावांना दफन वा दहनभूमी द्यावयाची ती तेथील जाती-समुदाय व त्यांचे रिवाज पाहून, असे लिहिले आहे. हेतू चांगला असेल. पण धरणाखाली जुने गाव बुडाले तरी जात कोरडी राहून नव्या गावात चालत येते. जुन्या जागेची नोंद करून घ्या, ती आपल्या वस्तीचा दस्तऐवज आहे. मात्र गावाच्या सार्वजनिक स्मशानावरील हक्क तेवढ्याने सोडू नका. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात स्मशानाचा व दफनभूमीचा स्पष्ट उल्लेख आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने इतरांच्या बरोबरीने स्मशान वापरण्यास अडथळा करणे हा गुन्हा ठरला आहे. धर्मांतराने हे संरक्षण जाते, अशी भीती काही जण घालतात. ती खोटी आहे. १९९० पासून बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना केंद्रीय यादीतही स्थान आहे.

जागेची नोंद करून घेण्याचा मार्गही कायद्यातच आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २२ खाली दफन वा दहनभूमीसाठी सरकारी जमीन राखून ठेवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. ग्रामसभेत ठराव करून घ्यावा. त्याची प्रत, वृद्धांचे जबाब, कच्चा नकाशा व छायाचित्रे जोडून तहसीलदारांमार्फत अर्ज पाठवावा आणि पोच घ्यावी. अतिक्रमण झाले असेल तर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींबाबत दिलेल्या निकालाचा हवाला द्यावा. मोजणीची मागणी सोयाबीन निघाल्यावर करावी. त्या दिवसांत शेत मोकळे असते, आणि शेजारचा नांगर कोणत्या दगडापर्यंत आला आहे ते मोजणीदारालाही दिसते.