शंकेचा फायदा उमेदवारालाच हवा

रामटेक, २८ मार्च २०२४. लोकसभेच्या अर्जांची छाननी त्याच दिवशी होती आणि नेमक्या त्याच दिवशी जात पडताळणी समितीने काँग्रेसच्या रश्मी बर्वे यांचं जात प्रमाणपत्र रद्द केलं. जागा राखीव असल्याने पाठोपाठ अर्जही बाद झाला. मतदान १९ एप्रिलला उरकलं. सप्टेंबरात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने समितीचा निर्णय रद्द ठरवला आणि वर समितीला १ लाख रुपये भरायला लावले.

यावर काहीजण म्हणतात, पर्यायी उमेदवार म्हणून पती श्यामकुमार बर्वे उभे राहिले, निवडूनही आले. मग बिघडलं काय? हे ऐकून मला संताप येतो. उमेदवारी म्हणजे सातबारा नव्हे, की बायकोचं नाव कमी केलं आणि नवऱ्याचं चढवलं. अपात्र ठरली ती बाई. अन्याय तिच्यावर झाला.

दुसरा युक्तिवाद वजनदार आहे. राखीव जागेवर खोट्या दाखल्याने कुणी बसलं, तर खऱ्या हक्कदाराची जागा लुटली जाते. म्हणून संशय आला तरी अर्ज बाद करावा, चूक झालीच तर निवडणूक याचिका आहे. यातलं पहिलं वाक्य मला पूर्ण मान्य आहे. जात सिद्ध करण्याची जबाबदारी महाराष्ट्राच्या कायद्याने दावा करणाऱ्यावर टाकली आहे, ती तिथेच राहावी. पण संशयावरून अर्ज बाद करावा, हे कोणत्या कायद्यात बसतं? निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांची हस्तपुस्तिका उलट सांगते: अर्ज वैध आहे असं धरून चालायचं आणि रास्त शंका उरली तर फायदा उमेदवाराला द्यायचा.

लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १०० तर नीट वाचण्यासारखं आहे. पडलेल्या एखाद्या अपात्र उमेदवाराचा अर्ज चुकून स्वीकारला गेला असेल, तर त्यामुळे निकाल फिरला हे याचिकाकर्त्याला सिद्ध करावं लागतं. अर्ज चुकीने फेटाळला असेल, तर मात्र तेवढ्यावरच निवडणूक रद्द होते. त्या उमेदवाराला किती मतं पडली असती, हे कुणी विचारत नाही. विचारणार तरी कसं? जे नाव यंत्रावर नव्हतंच, त्यासमोरचं बटण किती बोटांनी दाबलं असतं?

याचिकेचा भरवसा देणाऱ्यांनी अमरावतीही आठवावी. नवनीत राणा २०१९ला निवडून आल्या, उच्च न्यायालयाने २०२१ला त्यांचं जात प्रमाणपत्र रद्द केलं, सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं ४ एप्रिल २०२४ला. तोवर पुढची निवडणूक दारात होती.

म्हणून माझी मागणी अशी: निवडणूक जाहीर झाल्यावर समितीला दाखला रद्द करायचाच असेल, तर फसवणुकीचा उघड, कागदोपत्री पुरावा हवा, मोघम तक्रार पुरेशी नाही. उमेदवाराला म्हणणं मांडायला वेळ मिळाला पाहिजे आणि तो छाननीच्या आधी. एवढं जमणार नसेल, तर समितीने मतदान होऊ द्यावं आणि चौकशी नंतर पुरी करावी. दाखला खोटा निघाला, तर निवडून आलेल्याची जागा तेव्हाही रद्द करता येते.