सूत्र पाठ झाले, फिजिक्स कधी समजणार?

बायोलॉजी घेतलेल्या मुलामुलींना अवघड विषय विचारला, तर बहुतेक जण फिजिक्सचे नाव घेतात. ‘नीट’च्या ७२० गुणांपैकी १८० गुण याच विषयाचे. डॉक्टर व्हायला निघालेल्या अनेकांची गाडी इथेच अडते. मग ‘आपलं गणितच कच्चं’ म्हणून आपण मोकळे होतो. पण अडचण फक्त गणिताची नाही. हा विषय शिकायचा कसा, हेच कुणी सांगत नाही.

अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात एडवर्ड रेडिश, डेव्हिड हॅमर आणि सहकाऱ्यांनी जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी फिजिक्सचा अभ्यासक्रम याच प्रश्नाभोवती नव्याने बांधला. २००९ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला. त्यांचे म्हणणे साधे होते: विद्यार्थी फिजिक्सला सूत्रांची यादी समजतात आणि स्वतःची समज वर्गाबाहेर ठेवून येतात. ती आत आणायला शिकवले पाहिजे.

तिथला एक प्रश्न पाहा. ट्रक उभ्या कारला धडकला, जास्त बल कुणावर? बहुतेक जण म्हणतात, कारवर. न्यूटनचा नियम म्हणतो, दोघांवर सारखेच. इथे मुलांना ‘चूक’ म्हणून गप्प बसवत नाहीत. तुमच्या मनात नेमके काय होते, ते शोधायला लावतात. कारला जास्त हादरा बसतो, हे तर खरेच आहे. ट्रकचे वस्तुमान कारच्या दुप्पट असेल, तर बल तेवढेच असूनही कारचा वेग दुपटीने बदलतो. म्हणजे अनुभवही खरा आणि नियमही खरा.

असे शिकले की बायोलॉजीही उलगडते. रक्तवाहिनीची त्रिज्या निम्मी झाली आणि दाब तेवढाच राहिला, तर प्रवाह निम्मा नव्हे, सुमारे सोळावा हिस्सा उरतो. हे उमजलेल्या विद्यार्थिनीला हृदयविकार वेगळा पाठ करावा लागत नाही.

आपल्याकडे अनेक मुले उर्दू किंवा मराठी माध्यमातून येतात आणि अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तक हातात पडते. न समजलेले पाठ करण्याचा मोह तिथेच होतो. म्हणून मित्रमैत्रिणींनो, मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत चार जण एकत्र बसा. सूत्र लिहिण्याआधी आपल्या बोलीत एकमेकांना सांगा: काय होईल आणि का? उत्तर चुकले तर ते का सुचले, हेही विचारा. अभ्यासिका चालवणाऱ्यांनी जागेबरोबर या चर्चेसाठी आठवड्यातला एक तास द्यावा. क्लासची फी न परवडणाऱ्या घरातल्या मुलांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे.