गंजाची साक्ष

कारखान्यातून आलेली चकचकीत छोटी मोटार विकत घ्यायची आणि मग संध्याकाळमागून संध्याकाळ खपून तिला उन्हात विटलेली, दारांच्या कडांना गंज धरलेली, जुनाट करायची, हा छंद प्रथमदर्शनी उफराटा वाटतो. नव्याला जुने करण्यात कसले आले कौशल्य, हा वडीलधाऱ्यांचा प्रश्न रास्तही आहे. पण एका द्रव्याचे रूप दुसऱ्या द्रव्यात उतरवण्याची विद्या ज्या मावळात दोन हजार वर्षांपूर्वी शिखराला पोचली, तिथे उभे राहून उत्तर शोधू गेल्यास ते छंदापाशी थांबत नाही. मूळ वस्तू नाहीशा झाल्यावर त्यांच्याविषयी खरे कोण सांगणार, या फार जुन्या प्रश्नापाशी ते आपल्याला नेऊन सोडते.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात मावळातल्या भाजे येथे चैत्यगृह कोरले गेले, तेव्हा त्यातले खांब किंचित आत कललेले ठेवले गेले. अखंड कातळात या कलाला काही काम नाही. लाकडी इमारतीत मात्र कमानदार छताचा रेटा बाहेर पडतो म्हणून खांब आत झुकवावे लागत, आणि सुतारांचा तो हिशेब पाथरवटांनी जसाच्या तसा दगडात उचलला. पुढे कार्ल्याला खांब सरळ झाले, तरी सुमारे १२४ फूट लांबीच्या त्या सभागृहाच्या छताला लाकडी फासळ्या बसवल्या गेल्या आणि त्या आजही जागेवर आहेत. तिथल्या एका लेखात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने, वेणुवासाच्या मुलाने, दाराचे काम केल्याची नोंद आहे. दगडाच्या दारावर सुताराचे नाव कोरले गेले. त्या काळची लाकडी घरे, तोरणे, गच्च्या कुजून आणि जळून गेल्या. त्यांची बांधणी कशी होती हे आपल्याला आज कळते ते मुख्यत्वे या दगडी नकलांतून, कारण नक्कल करणाऱ्यांनी लाकडाचा सांधा न सांधा पाहिला होता आणि मूळ इमारती डोळ्यांसमोर उभ्या असतानाच तो कोरून ठेवला होता.

हा धडा पुढच्या शतकांनी दोन उलट दिशांनी विसरून पाहिला. अठराव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमधल्या श्रीमंत जमीनदारांना आपल्या बागांत पडके किल्ले हवेसे वाटू लागले. हॅग्ली येथे सँडरसन मिलर याने मोडक्या बुरुजांचा, भग्न खिडक्यांचा किल्ला नव्यानेच बांधून दिला. त्या भिंतींना कधी वेढा पडला नव्हता की त्यांच्या आडोशाने कोणी लढले नव्हते. इकडे मावळात १८१८ साली इंग्रजांनी विसापूरचा किल्ला घेतला आणि त्याचे दरवाजे उद्ध्वस्त केले. तिथला प्रत्येक निखळलेला चिरा एका घटनेचा परिणाम होता. एका पडझडीला कारण होते, दुसरीला केवळ हौस होती, आणि लांबून पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसल्या असत्या. उलट दिशेची चूक बेडशाला झाली. भेटीला येणाऱ्या साहेबांना लेणी नीटनेटकी दिसावीत म्हणून स्थानिक अधिकाऱ्यांनी १८६१च्या सुमारापर्यंत तिथे रंगरंगोटी करवली, आणि त्या टापटिपीत जुन्या भित्तिचित्रांचे उरलेसुरले अवशेष गेले. वस्तूवरचे वय पुसून टाकण्याविरुद्ध इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किनने १८४९ मध्ये लिहिले होते, विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या वास्तूंच्या जपणुकीसाठी संस्था उभारली, आणि अलोइस रीगल या व्हिएन्नाच्या कलेतिहासकाराने १९०३ मध्ये झिजेलाच वास्तूच्या मूल्यांपैकी एक मूल्य म्हणून स्थान दिले. पण विचार मान्य होणे आणि हातातला चुन्याचा कुंचला थांबणे यांत नेहमीच काही पिढ्यांचे अंतर राहिले आहे.

छोट्या प्रतिकृतींच्या जगात हा विचार विसाव्या शतकाच्या मध्याला शिरला. कॅलिफोर्नियातल्या जॉन ॲलन यांनी आपल्या छोट्या आगगाड्यांवर काजळी, धूळ आणि गंज चढवला, आणि वापरलेली वस्तूच खरी वाटते हे सिद्ध केले. १९७३च्या जानेवारीत ते वारले आणि काही दिवसांतच त्यांच्या आगगाड्यांची ती रचना बहुतांशी आगीत खाक झाली. आज ती छायाचित्रांतूनच माहीत आहे. साक्षीदारही नाशवंत असतो, हे या कलेच्या आरंभकाळानेच शिकवून ठेवले आहे.

ज्यांची साक्ष द्यायची ती वाहनेही टिकत नाहीत; बोरघाटाने तर त्यांच्या कितीतरी पिढ्या येताना आणि जाताना पाहिल्या. १८३० मध्ये गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये रेल्वे घाट चढून आली, आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट, जिला १९७४ पासून पद्मिनी म्हणू लागले, खंडाळ्याच्या चढावर बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी ओतण्यासाठी थांबू लागली. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि ते थांबे ओसरले. १८३० सालचा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या शांततेत पाडला गेला. २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची परवानाधारक पद्मिनी टॅक्सी उतरली. याच मावळात तळेगावला २००८ मध्ये सुरू झालेला जनरल मोटर्सचा कारखाना २०२० मध्ये बंद पडला आणि पुढे ह्युंदाईकडे गेला, म्हणजे कालपरवाची शेवरोलेसुद्धा आठवणीच्या रांगेत जाऊन बसली. लाकडी घरे नामशेष व्हायला शतके लागली होती. पत्र्याची गाडी एका पिढीच्या आत भंगारात जाते. जुनी, धूर ओकणारी वाहने मोडीत निघणे योग्यच आहे, पण म्हणूनच साक्ष नोंदवायला आपल्या हाती असलेला वेळ पूर्वजांच्या मानाने फारच थोडा आहे.

आता १:४३ प्रमाणातली, तळहातावर मावणारी पद्मिनी जवळून पाहावी. जाणकार कारागीर तिच्यावर आधी गंजाचा तपकिरी थर देतो, त्यावर केसांचा फवारा मारतो, मग गाडीचा मूळ रंग चढवतो. रंग वाळल्यावर ओल्या कुंचल्याने घासले की फवाऱ्याचा थर विरघळतो आणि वरचा रंग खऱ्या पोपड्यांसारखा सुटतो. शेवटी भुकटी लावायची, आणि ती गेरूची असली तरी चालते, कारण गेरूचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचाच, गंजाच्या सख्ख्या नात्यातला. पण हे सारे तंत्र झाले. कस लागतो तो गंज कुठे धरावा हे ठरवताना. लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथे शेडबाहेर उभ्या राहिलेल्या गाडीचा पत्रा आधी सडतो तो पाणी आणि चिखल साठतो तिथे, म्हणजे चाकांवरच्या पोकळीत, दारांच्या खालच्या कडेला, काचेच्या रबराखाली. टपाचा आणि बॉनेटचा रंग उन्हाने विटतो, ओघळ नेहमी खालीच येतात, काजळी नळकांड्याभोवतीच साचते. हे न पाहता जो सर्वांगावर सारखाच गंज शिंपडतो, तो हॅग्लीचा किल्ला बांधतो. आणि जो प्रत्येक डागाचे कारण सांगू शकतो, तो भाज्याच्या पाथरवटाचा वारस ठरतो.

हाच फरक किल्ल्यांतही दिसतो. जुलै २०२५ मध्ये मावळातल्या लोहगडासह बारा किल्ल्यांना जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला, आणि त्याच तालुक्यातली मुले दरवर्षी दिवाळीत अंगणात माती, दगड, गोणपाट यांचा किल्ला रचून त्यावर अळीव पेरत आली आहेत. ज्या मुलाने लोहगडाचा विंचूकाटा स्वतः चालून पाहिला आहे, त्याच्या मातीच्या किल्ल्यात ती लांब, निमुळती सोंड असते. बाजारातून आणलेल्या प्लास्टरच्या तयार किल्ल्यात ती नसते. मान मिळालेल्या वास्तूंवर नवेपणाची लकाकी चढवण्याचा मोह आता वाढेल, आणि बेडशाचा धडा आपण पाठ केला नसेल तर तो पुन्हा महागात शिकावा लागेल.

म्हणून ज्यांच्या हातात आज छोटा कुंचला आहे त्यांनी प्रतिकृतीकडे वळण्यापूर्वी खऱ्या गाडीकडे जावे, भंगारवाल्याच्या आवारात उभे राहून तिची मापे घ्यावीत, छायाचित्रे काढावीत, ती कोणी किती वर्षे, कोणत्या रस्त्यावर चालवली हे मालकाला विचारून लिहून ठेवावे, आणि मगच रंगाची बाटली उघडावी. शाळांनी आणि संग्रहालयांनी या कामाला पोरखेळ न मानता नोंदीचे काम मानावे. नकला काळजीने झाल्या की मूळ गेल्यावरही मागे ज्ञान उरते, निष्काळजीपणे झाल्या की नुसती शोभा उरते; यांपैकी काय मागे ठेवायचे, याचा निर्णय मूळ वस्तू समोर आहे तोवरच घेता येतो.