बंद ठेवण्याची रीत

हर्णैला मामाची बोट आहे, हे घरच्यांना ठाऊकच आहे. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. त्याआधी तिथल्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला जातात. यंदा मामाचे गुडघे इतके धरलेत की त्याला इंजिनापर्यंत उतरवेना. म्हणून मेअखेरीस मी चार दिवस रजा टाकून गेलो. वीस वर्षं चाकणला मशीन शॉपमध्ये काढलेला माणूस मी. एक डिझेल इंजिन बंद करायला असा कितीसा वेळ लागणार?

दोन दिवस लागले :-)

मामा वर फळीवर बसून सांगत होता. आधी इंजिन चालू कर, खाऱ्या पाण्याचा पाइप गोड्या पाण्याच्या पिंपात सोड, आतलं मीठ धुऊन निघू दे. इंजिन गरम आहे तोवर ऑइल काढ. मी म्हटलं, "मामा, दोन महिने चालणारच नाही, मग नवं ऑइल आत्ताच कशाला? ऑगस्टमध्ये टाकू की."

"अरे, जुन्या ऑइलात आम्ल असतं, पाणी असतं. ते बसल्या बसल्या बेअरिंग खातं."

मग डिझेलची टाकी काठोकाठ भरली, कारण रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होतं. पाण्याच्या पंपातलं रबरी इंपेलर काढून ठेवलं, नाहीतर त्याची पाती वाकलेलीच राहतात. पट्टे सैल केले. बॅटरी घरी आणली. हवा आत घेण्याचं आणि धूर जाण्याचं तोंड तेलकट चिंध्यांच्या बोळ्यांनी बंद केलं. आता दर आठवड्याला मामेभाऊ पाना लावून इंजिन थोडं फिरवतो, म्हणजे पिस्टन एकाच जागी धरत नाही.

थंड देशांत हीच तयारी हिवाळ्याआधी करतात. तिथे भीती बर्फाची. पाणी गोठून फुगतं आणि ब्लॉक तडकतो. आपल्याकडे भीती दमट हवेची आणि मिठाची. पण गोष्ट एकच: इंजिन चालून झिजतं त्यापेक्षा नुसतं उभं राहून जास्त लवकर मरतं.

परतताना मला सारखा मार्च 2020 आठवत होता. तेव्हा आमचं शॉप काही तासांत बंद झालं. मेन स्विच पाडला, कुलूप लावलं. उघडलं तेव्हा कूलंट सडून घाण वास येत होता आणि स्लाइडवर गंज चढला होता. तो पंधरा दिवसांत साफ झाला.

पण कॉन्ट्रॅक्टवरची पोरं? कोणी लातूरकडचं, कोणी बिहारचं, एकेका खोलीत सहा-सात जण. त्या संध्याकाळी मी कॉम्प्रेसरचा व्हॉल्व्ह दोनदा तपासला. पोरांना मात्र "घरी किती दिवसांचं रेशन आहे?" एवढंही विचारलं नाही. त्यातले तिघं परत आलेच नाहीत. त्यांचे नंबरसुद्धा माझ्याकडे नव्हते. कंपनीला दोष देता येईल, पण कुलूप लावताना सुपरवायझर मी होतो.

भोसरीपासून चाकणपर्यंत आपण सगळे चालू ठेवण्यात पटाईत. उत्पादन, टार्गेट, तिसरी शिफ्ट. थांबायचं कसं, हे मात्र आपल्याला कोणी शिकवलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक शॉपच्या भिंतीवर एक कागद हवा: बंद करताना काय करायचं. त्यात कूलंट असावं, ऑइल असावं. आणि सगळ्यात वर माणसं असावीत: कोणाचे पैसे द्यायचेत, कोण कुठे राहतो, दर आठवड्याला फोन कोण करणार. कोळ्यांना हे कळतं, कारण त्यांना दर वर्षी थांबावं लागतं. आपल्यावर वेळ क्वचित येते, म्हणून तर कागद हवा.

आमच्या शॉपचा कागद मी लिहायला घेतलाय. साहेब सही करतील का, माहीत नाही.

असो. 1 ऑगस्टला इंजिनाने पहिल्या स्टार्टरला उचल घेतली की मामाचा फोन येईलच. नाही घेतली तरी येईल, मग काही खरं नाही!