विश्लेषण : रात्री नऊलाच इंटरनेट का रेंगाळते?

दुपारी व्यवस्थित चालणारे घरचे ब्रॉडबँड रात्री जेवणाच्या वेळेला अडखळू लागते, हा अनेकांचा अनुभव. ‘१०० एमबीपीएस’चे पैसे भरूनही व्हिडीओ गोल-गोल फिरत राहतो. यामागे नेहमीच बिघाड नसतो. बहुतेकदा प्रश्न वाटपाचा असतो. मर्यादित क्षमता शेकडो ग्राहकांत कशी वाटायची, यासाठी ‘ट्रॅफिक शेपिंग’ वापरले जाते. ते कसे चालते आणि त्यात न्याय-अन्यायाची रेषा कुठे आहे?

कंपनी क्षमतेपेक्षा जास्त विकते का?

होय, आणि त्यात मुळात गैर काही नाही. एखाद्या स्थानिक सेवादाराकडे १००० एमबीपीएसची मुख्य जोडणी आहे आणि २०० ग्राहकांना त्याने १०० एमबीपीएसचे प्लॅन विकले आहेत, असे समजू. म्हणजे विकलेला वेग झाला २०,००० एमबीपीएस, उपलब्ध क्षमतेच्या २० पट. पण सगळे ग्राहक एकाच क्षणी पूर्ण वेग वापरत नाहीत, या गृहीतकावर हा व्यवसाय उभा असतो. प्रत्येकाला स्वतंत्र राखीव वेग द्यायचा ठरवला, तर घरगुती प्लॅन कुणालाच परवडणार नाही.

मग अडचण कधी येते?

रात्री १५० घरांत व्हिडीओ सुरू आहेत. प्रत्येकाला ५ एमबीपीएस लागतात, एकूण ७५०. इथपर्यंत सारे सुरळीत. आता दहा ग्राहकांनी मोठ्या फाइल डाउनलोडला लावल्या, तर त्यांची मागणी आणखी १००० एमबीपीएसची. वाटपाचा नियमच नसेल, तर क्षमता साधारणपणे ‘कनेक्शन’च्या संख्येनुसार विभागली जाते. डाउनलोडची काही सॉफ्टवेअर एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडतात. दहा ग्राहकांनी प्रत्येकी १६ कनेक्शन उघडली की १५० व्हिडीओंसमोर १६० स्पर्धक उभे राहतात. प्रत्येक कनेक्शनच्या वाट्याला जेमतेम सव्वातीन एमबीपीएस येतात आणि दीडशे घरांतले व्हिडीओ अडतात. कालव्याच्या वरच्या बाजूला जास्त मोटारी लागल्या की टेलच्या शेतकऱ्याचे जे होते, तेच इथे होते.

ट्रॅफिक शेपिंग नेमके काय करते?

प्रत्येक ग्राहकाच्या नावे जणू एक बादली ठेवली जाते. तीत ठरावीक वेगाने ‘टोकन’ पडत राहतात. डेटाचे पाकीट पुढे जायचे तर त्याच्या आकाराइतकी टोकन खर्ची पडतात. टोकन संपली की पाकीट रांगेत थांबते. बादलीत शिल्लक असेल, तर थोडा वेळ जास्त वेगही मिळतो. वाटप कनेक्शननुसार न करता ग्राहकानुसार केले, तर वरील उदाहरणात १५० घरांना त्यांचे ५ एमबीपीएस पूर्ण मिळतात. उरलेले २५० एमबीपीएस दहा जणांत प्रत्येकी २५ असे वाटले जातात. त्यांचे डाउनलोड थांबत नाही, फक्त लांबते. दुसरीकडे, रांग फार लांबू न देण्याची पद्धतही महत्त्वाची ठरते. व्हिडीओ कॉलला वेगापेक्षा विलंबाचा जास्त फटका बसतो.

नियम काय सांगतो?

‘ट्राय’ने फेब्रुवारी २०१६ मध्ये मजकुरानुसार डेटाचे वेगवेगळे दर आकारण्यास मनाई केली. नेट न्यूट्रॅलिटीबाबतच्या नोव्हेंबर २०१७ च्या शिफारशी केंद्राने जुलै २०१८ मध्ये स्वीकारल्या. त्यानुसार एखादे संकेतस्थळ वा अॅप रोखणे, मंदावणे किंवा त्याला झुकते माप देणे गैर ठरते. वाहतूक नियोजनाला मात्र मुभा आहे. ते प्रमाणात, तात्पुरते आणि पारदर्शक असावे, ही अट. जुलै २०२० मध्ये एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया यांच्या महागड्या प्लॅनमध्ये ‘अधिक वेगा’चे आश्वासन होते. त्यामुळे इतर ग्राहकांची सेवा खालावेल का, असा सवाल करत ‘ट्राय’ने ते प्लॅन थांबवण्यास सांगितले होते.

मग ग्राहकाच्या हाती काय?

जास्त पैसे मोजणाऱ्याला मोठी बादली मिळणे हा प्लॅनचा भाग झाला. मात्र कंपनीच्या स्वतःच्या व्हिडीओ सेवेला वाट मोकळी आणि स्पर्धकाला रांग, हा पक्षपात झाला. बाहेरून पाहता दोन्ही सारखेच दिसतात. रात्रीचा व्हिडीओ ग्राहकसंख्येमुळे अडला की मुद्दाम अडवला, हे ग्राहकाला कळण्याचा मार्ग नसतो. म्हणून गर्दीच्या वेळी प्रत्यक्ष किती वेग मिळतो आणि वाटपाचे नियम कोणते, हे प्लॅनच्या जाहिरातीतच छापणे बंधनकारक हवे. ‘१०० एमबीपीएसपर्यंत’ यातल्या ‘पर्यंत’ या शब्दाआड कंपन्यांना कायम लपू देता कामा नये.

शेपिंगने टंचाईचे न्याय्य वाटप होते, टंचाई संपत नाही. रोज रात्री तीच गर्दी होत असेल, तर ती ‘तात्पुरती’ म्हणता येत नाही. अशा वेळी उपाय एकच, मुख्य जोडणीची क्षमता वाढवणे. तो खर्च टाळण्यासाठी रांगेचे नियम अधिकाधिक कडक होत गेले, तर त्याचा भुर्दंड ऑनलाइन वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला आणि घरून काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला सोसावा लागतो.