वाचता येईल अशी फाइल



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. विषय थोडा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. ज्याने आयुष्यभर फळ्यावर खडूने नकाशे काढले त्याला समजला, म्हणजे तुम्हालाही समजेल.

निवृत्तीनंतर, २०१० साली, मी आणि माझ्या दोन माजी विद्यार्थ्यांनी साताऱ्याजवळच्या आमच्या गावातल्या विहिरी मोजल्या. ६३ भरल्या. नावं म्हाताऱ्या माणसांनी सांगितली, ती मी वहीत लिहिली. जागा मात्र जीपीएस यंत्रातून थेट संगणकात गेल्या, एका विकतच्या प्रोग्रॅममध्ये. तो स्वतःच्याच तऱ्हेची फाइल बनवायचा. पुढे संगणक बंद पडला, प्रोग्रॅमची मुदत संपली, आणि ती फाइल आजतागायत कुणाला उघडता आलेली नाही. नावं राहिली, जागा गेल्या. गेल्या वर्षी पुतण्याला घेऊन पुन्हा फिरलो. ४१ विहिरी सापडल्या. बाकीच्या कुठे बुजल्या हे सांगणारी माणसंही आता नाहीत.

म्हणून माझं मत पक्कं झालंय. नकाशाची माहिती जमेल तितक्या साध्या फाइलीत ठेवावी. विहिरीसारखे ठिपके असतील तर सीएसव्ही पुरे: एका ओळीत नाव, अक्षांश, रेखांश, मध्ये स्वल्पविराम. ओढे, रस्ते, हद्दी असतील तर जिओजेसन. दोन्ही नुसत्या नोटपॅडमध्ये उघडतात.

याचा फायदा लगेच कळला. नव्या नकाशावर आमच्या सगळ्या विहिरी नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडल्या! फाइल उघडून पाहिली. जिओजेसनमध्ये आधी रेखांश, मग अक्षांश लिहायचा असतो. आम्ही शाळेतल्या सवयीने उलट लिहिलं होतं. ७४ च्या जागी १७ दिसलं आणि चूक डोळ्यांनीच सापडली. बंद पेटीसारख्या फाइलीत ती कशी दिसली असती?

पुतण्या म्हणतो, "काका, हे तुमच्या विहिरींपुरतं ठीक. अख्ख्या जिल्ह्यातले शेतांचे बांध घेतले तर अशी फाइल फुगेल, आणि एक बांध शोधायला सगळी वाचावी लागेल." बरोबर आहे त्याचं. अशा वेळी जिओपॅकेज घ्यावं. २०१४ साली त्याचं प्रमाण ठरलं. सगळं एकाच फाइलीत, आत एसक्यूलाइटची कोष्टकं, आणि हवा तो तुकडा चटकन शोधायची सोय. डोळ्यांनी वाचता येत नाही, पण त्याची घडण जगजाहीर आहे आणि क्यूजीआयएससारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये ते उघडतं. तेव्हा माझ्या लेखी साधी फाइल म्हणजे लहान फाइल नव्हे. जिची घडण कुणालाही वाचता येते, ती साधी.

जुन्या शेपफाइलचं श्रेयही तिला द्यायला हवं. तिची घडण १९९८ साली छापून जाहीर झाली, म्हणून ती आजही जवळजवळ सगळीकडे उघडते. पण तिची निदान दोन भावंडं बरोबर न्यावी लागतात. एक मागे राहिलं की घोटाळा. आणि रकान्याच्या नावाला जागा फक्त १० बाइटची. आजच्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा तीन-तीन बाइट खाते. 'विहीर' हा साधा शब्दसुद्धा त्यात मावत नाही! मराठी शाळेत शिकवलेल्या माणसाला हे कसं पटावं?

असो. माझी वही अजून उघडते. आता तिच्या शेवटच्या पानावर त्या ४१ विहिरींचे अक्षांश-रेखांशही लिहून ठेवलेत. तुम्हीही गावाकडचं असं काही टिपून ठेवलं असेल, तर या आठवड्यात ती फाइल एकदा उघडून बघा. उघडली, तर लगेच एक साधी प्रत काढून ठेवा. सांगणारी माणसं आहेत तोवरच राहिलेलं विचारून घेता येतं.