वेगळी चूल
रायपूरहून नागपूरच्या गाडीत बसलं की राजनांदगाव येतं, आणि मला दर वेळी कवी ना. वा. टिळक आठवतात. १८९३ साली राजनांदगावला येताना रेल्वेतल्या एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार ठेवला. १८९५मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला नि संसार दुभंगला. काही वर्षांनी पत्नी लक्ष्मीबाई नांदायला परतल्या, पण सोवळं सांभाळून, चूल वेगळी मांडून. टिळकांनी ती चूल चालू दिली. त्यांच्या साऱ्या कवितांपेक्षा मला हे मोठं वाटतं. १९००मध्ये बाईंनी आपणहून बाप्तिस्मा घेतला. परवा मुलाशी माझा अबोला होता. संध्याकाळी प्रार्थनेला बसताना ती चूल डोळ्यांपुढे आली. उठले, त्याचं ताट वाढलं आणि हाक मारली.